गल्लीत उतरायचं वय

माझे भावोजी एका रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत. त्यांच्या सहीशिवाय तिथे कोणी शिडीची दुसरी पायरी चढत नाही. माणूस वाईट नाही. घरी येताना हेल्मेट डोक्यावरून उतरतं, डोक्यातून उतरत नाही, एवढंच.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, तेव्हा सहा वर्षांची होती. दिसायला एवढीशी आणि बोलायला झणझणीत, म्हणून तिला आम्ही मिरी म्हणतो. ताईचं घर पहिल्या मजल्यावर, एका बंद गल्लीत. अकरा घरं, शेवटी गाड्या वळवायला थोडी मोकळी जागा, आणि रोज साडेचार वाजता त्या जागेत पाच-सहा पोरांचा कालवा. मिरी तो कालवा खिडकीच्या गजांना नाक लावून ऐकायची. नाकाच्या शेंड्याला कायम गंज लागलेला असायचा.

एका रविवारी जेवताना तिने विचारलं, मी खाली कधी जायचं? ताई म्हणाली, जा की आजच. भावोजींनी हातातला घास खाली ठेवला आणि सांगितलं की असे निर्णय जेवता जेवता घेत नसतात, आधी पाहणी करावी लागते.

पाहणी तीन रविवार चालली. भावोजी टेप घेऊन गल्लीत उतरले. गटाराच्या झाकणावर उड्या मारून पाहिल्या, मागच्या भिंतीची उंची मोजली, विजेच्या पेटीचं कुलूप ओढलं, कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या कुत्र्याचा फोटो काढला. कुत्रं झोपेतून हललंही नाही, तर त्याची नोंद 'सध्या शांत' अशी झाली. गल्लीच्या तोंडाशी शिवणकाकू राहतात. तळमजल्याच्या खिडकीत मशीन मांडून त्या दिवसभर कपडे शिवतात, आणि गल्लीत शिरणारी माशीसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नाही. भावोजींनी त्यांना विचारलं की दिवसाकाठी किती संशयास्पद पुरुष इथे घुटमळताना दिसतात. काकूंनी दाताने दोरा तोडला आणि म्हणाल्या, एकच, हातात टेप घेतलेला.

शेवटी तक्ता तयार झाला. तेवीस धोके, लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत. हिरवी ओळ एकच होती: ऊन, तेही टोपी घातली तर.

मग मिरीची परीक्षा. पत्ता पाठ, दोन फोन नंबर पाठ. अनोळखी माणसाने खाऊ दिला तर काय करायचं, याचं उत्तर तिने प्रश्न संपायच्या आत दिलं. संकटात ओरडायच्या चाचणीत ती अशी ओरडली की वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड चपला न घालता खाली आलं. पोरगी सगळ्यात पास झाली, आणि तेव्हा कुठे भावोजींच्या लक्षात आलं की पास झाली म्हणजे सोडावं लागणार. ते म्हणाले, सात पूर्ण होऊ देत. सात पूर्ण झाली, तोवर त्यांच्या वाचनात आलं होतं की लहान मुलांना येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज येत नाही. आता नऊ पूर्ण होऊ देत.

ताई दाताच्या दवाखान्यात मदतनीस आहे. चावणारी पोरं आणि त्याहून जास्त घाबरलेले बाप हा तिचा रोजचा धंदा. तिने वाद घातला नाही. दुपारी तीनला घरी आल्यावर तिने मिरीला समोर बसवलं आणि तीन नियम सांगितले. शिवणकाकूंच्या खिडकीपलीकडे जायचं नाही. गाडी आली की हातातलं टाकून जवळच्या पायरीवर चढायचं, टाकलेलं वाचवायला परत फिरायचं नाही. हाक मारली की पहिल्या हाकेला यायचं.

पहिला आठवडा ताई स्वतः पायरीवर भाजी निवडत बसली. दुसऱ्या आठवड्यात खिडकीतून बघू लागली. तिसऱ्या आठवड्यात तिने दहा-दहा मिनिटांनी डोकावणं सुरू केलं, कारण शिवणकाकू होत्याच. तिसरा नियम जगात कुठल्याच पोराने पाळलेला नाही, पण पहिले दोन मिरीने बाकीच्या पोरांनाही शिकवले. भावोजींना सांगायचं होतंच. ताई म्हणायची, त्यांचा मूड बघून सांगते. तो मूड काही दिसेना.

मधेच एकदा मिरीचा गुडघा फुटला. बाथरूममध्ये पडले, असं तिने बापाला तोंड वर करून सांगितलं, आणि ताई भाजी ढवळत राहिली. भावोजींनी दुसऱ्याच दिवशी बाथरूममध्ये रबरी चटई घातली, मिरीच्या उंचीवर धरायला दांडी बसवली आणि दारावर सूचना लावली. मी पाहुणा म्हणून गेलो तर मलाही आत जाण्याआधी ती वाचायला लावली.

बिंग फुटलं ते समोरच्या निवृत्त आजोबांमुळे. त्यांनी गल्लीच्या ग्रुपवर फोटो टाकला: 'आपल्या गल्लीतलं हरवलेलं बालपण परत आलं.' फोटोत सहा पोरं, आणि मधोमध हवेत उडी मारलेली मिरी. भावोजींनी तो कारखान्यात, दुपारच्या चहाबरोबर पाहिला.

त्या वेळी मी शिवणकाकूंच्याकडे होतो. मी फ्रिज दुरुस्त करतो. काकूंचा फ्रिज भिंतीपासून ओढून मी त्याच्या मागे उकिडवा बसलो होतो. बाहेर पोरं तळ्यात-मळ्यात खेळत होती. तेवढ्यात काकूंचं मशीन थांबलं आणि त्यांनी कात्री गजांवर तीनदा आपटली. मी मान बाहेर काढेपर्यंत एक गाडी खिडकीवरून सुसाट गेली. रंग ओळखीचा होता.

पोरं पायऱ्यांवर चढली होती. मिरीच्या हातात बेकरीवाल्याच्या चार वर्षांच्या मुलीचं मनगट होतं. ती मुलगी आपल्या तीनचाकीकडे परत धावायला बघत होती आणि मिरी तिला सोडत नव्हती. मग तीनचाकी गाडीखाली गेल्याचा आवाज आला. पापड चुरडावा तसा, फक्त पुष्कळ मोठा.

गाडी थांबली. भावोजी बाहेर आले, तेव्हा फोन अजून कानाला होता. पलीकडे ताई होती आणि ते तिलाच झापत होते. ताई वरच्या खिडकीत, तिचाही फोन कानाला. भावोजींनी चपटलेल्या तीनचाकीकडे पाहिलं, पायरीवरच्या पोरांकडे पाहिलं, मग वर खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले,

"बघितलंस? म्हणूनच मी नको म्हणत होतो."

मला वाटतं, वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांनाही ते ऐकू आलं असावं, कारण त्यांचा चेहरा जरा उतरला. मिरी पायरीवरून उतरली नाही. तिने तिथूनच विचारलं,

"बाबा, आम्ही पायरीवर होतो. तू कुठे बघत होतास?"

शिवणकाकू दारात आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "सोळा वर्षं मी या खिडकीत बसते. गल्लीत वेड्यासारखी गाडी घालणारा आज पहिला पाहिला, आणि तो नेमका पोरांची काळजी करणारा निघाला."

भावोजी गाडीच्या बॉनेटवर हात टेकून उभे राहिले. मी पाण्याचा पेला नेऊन दिला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला. त्या क्षणी मला त्यांची दया आली, हे कबूल करतो. ती फार टिकली नाही.

रात्री ताईने भांडण केलं नाही. तिने तेवीस धोक्यांचा तक्ता काढून त्यांच्यापुढे ठेवला, वर पेन ठेवलं आणि मिरीला झोपवायला गेली. भावोजी बराच वेळ बसले. मग त्यांनी चोविसावी ओळ लिहिली: 'अतिवेगाने येणारे वाहन.' कोणाचं वाहन, या रकान्यात रेघ मारली.

पुढच्या रविवारी गल्लीची बैठक झाली. काकूंनी सुचवलं की रोज संध्याकाळी चार ते सहा या वेळात गाड्या गल्लीच्या तोंडाशीच थांबवाव्यात, आणि सगळ्यांनी पाच मिनिटांत मान्य केलं. भावोजींनी बेकरीवाल्याच्या मुलीला नवी तीनचाकी आणली होती, घंटी असलेली. मिरीला खाली जायची रीतसर परवानगी मिळाली. भावोजींनी स्वतः पाटी रंगवली, कारखान्याचा चांगला पक्का रंग वापरून, खाली नियम एक ते नऊ.

एवढ्यावर भागलं असतं. पण कारखान्यात सुरक्षा सप्ताह आला आणि भावोजींनी तिथे भाषण ठेवलं: 'सुरक्षेची सुरुवात घरापासून.' कुटुंबीयांना बोलावणं होतं. मी, ताई आणि मिरी दुसऱ्या रांगेत बसलो. पडद्यावर आमची गल्ली, तक्ता, पाटी, पायरीवर ओळीने बसवलेली पोरं. भावोजी सांगत होते की एका बेजबाबदार चालकामुळे गल्लीत अपघात होता होता टळला, तेव्हा त्यांनी पुढाकार घेतला. ताई आपल्या नखांकडे बघत होती.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मिरीने हात वर केला. तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिला खरंच कळलेलं नव्हतं.

"बाबा, बेजबाबदार चालक कोण?"

सभागृहात दोनशे माणसं होती. भावोजी पाणी प्यायले. मी मनात म्हटलं, आता म्हणणार, वेळ संपली. पण त्यांनी मिरीकडे पाहिलं आणि माइकमध्ये म्हणाले, "मी. मीच होतो तो. फोनवर बोलत होतो, आणि गाडी पळवत होतो."

ताईने मान वर केली. मग पुढच्या रांगेतले मोठे साहेब टाळ्या वाजवत उठले. त्यांनी माइक घेतला आणि सभेला सांगितलं की याला म्हणतात जबाबदारी. दुसऱ्याची चूकसुद्धा खरा अधिकारी स्वतःच्या अंगावर घेतो, आणि तेही पोटच्या मुलीसमोर. सभागृह उठून उभं राहिलं. भावोजी दोनदा "नाही, साहेब, खरंच" म्हणाले. त्यालाही टाळ्या पडल्या. तिसऱ्यांदा ते काही बोलले नाहीत. शाल घातली गेली, ढाल हातात आली, फोटो निघाले.

परत येताना गाडी अगदी हळू चालली होती. मिरी मागे ढालीवरची अक्षरं बोटाने वाचत होती. शेवटी भावोजींनीच घसा साफ केला.

"ते 'मीच होतो' लोकांना फार भिडलं," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी ते सुरुवातीलाच घेतो."

ताईने काच खाली केली आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली.