तीन फोटोंचा एक फोटो

“अप्पा, हलू नका.”

“हे वाक्य माझं आहे,” अप्पा म्हणाले. “बत्तीस वर्षं दुकानात लोकांना मी ते सांगितलं. तू मला सांगू नकोस.”

आणि मुद्दाम मान हलवली.

मी कॅमेऱ्यामागे दात-ओठ खात उभी. दुपारचे सव्वादोन वाजले होते आणि चारपर्यंत मला नमुन्याचा फोटो पाठवायचा होता. घरं विकून देणाऱ्या एका एजंटाला फोटोग्राफर हवा होता. अट एकच: खोली दिसली पाहिजे आणि खिडकीबाहेरचंही दिसलं पाहिजे. काम सोमवारपासून, नऊ ते सहा, रोज नवं घर. ‘रोज नवं घर’ वाचूनच माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

तीन वर्षांपूर्वी अप्पांना झटका आला आणि डावी बाजू गेली. तेव्हापासून ते सकाळ-संध्याकाळ खिडकीजवळच्या खुर्चीत आणि मी त्यांच्या हाकेच्या अंतरावर. कामाला दोन बायका ठेवून पाहिल्या, दोघींना त्यांनी आठवड्याच्या आत पळवून लावलं. दादा दर रविवारी फोन करतो. “तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे गं,” म्हणतो. त्याच्या वाटची धास्ती कोण घेतंय, हे त्याला कधी विचारावंसं वाटलं नाही.

अप्पांचा दुपारी डोळा लागला की मी मोबाइलवर एचडीआरचे व्हिडिओ बघायची, आवाज अगदी बारीक करून. कॅमेरा आपल्या डोळ्यांइतका शहाणा नसतो. खिडकी धरली तर खोली काळीठिक्कर, खोली धरली तर खिडकी पांढरीफटक. म्हणून एकाच जागेवरून तीन फोटो काढायचे, एक मध्यम, एक काळपट, एक उजळ, आणि कॉम्प्युटरवर तिन्हींचा एक करायचा. मला हे भलतंच आवडलं होतं. अप्पांना अर्थातच नाही.

“तीन काढून एक दाखवायचा, म्हणजे तिघांचे पेपर बघून पास होण्यातला प्रकार.”

“असू दे. तुम्ही जरा खुर्चीतून उठता का? त्यांना फोटोत माणूस नको असणार.”

“खुर्ची माझी आहे.”

“बरं, बसा. पण पुतळ्यासारखे.”

त्यांना उठवून दुसरीकडे बसवण्यात आणखी वेळ गेला असता. अप्पांच्या दुकानातला तो जुना कॅमेरा, प्रत्येक वेळी हातानं आकडा बदलावा लागतो. मी मध्यम फोटो काढला, काळपट काढला. उजळ काढणार, एवढ्यात अप्पा हळूच म्हणाले, “ठमे, बाथरूम.”

एरवी आवाज खणखणीत, पण हा शब्द ते नेहमी जमिनीकडे बघून म्हणतात. मी त्यांना खांद्याचा आधार दिला. जाणं, बसणं, धुणं, येणं, यात पाऊण तास गेला. परत येताना त्यांचे पाय लटपटायला लागले, म्हणून आतल्या पलंगावर निजवलं. मग पळत बाहेर आले आणि घाईघाईत तिसऱ्यांदा बटण दाबलं. खुर्ची रिकामी आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कॉम्प्युटरवर तिन्ही फोटो एक केले आणि बघते तो काय! अप्पा अर्धेच होते. त्यांच्या पोटातून खुर्चीची पाठ दिसत होती. हललेलं पुसून टाकायची सोय त्यात असते, फक्त तिन्हींतला खरा फोटो कोणता ते सांगावं लागतं. खोली तिसऱ्यात सगळ्यात छान आली होती. मी तिसरा खरा धरला आणि अप्पा गेले.

फोटो मात्र सुरेख झाला होता. फरशीच्या रेघा, पडद्याची वीण, समोरच्या गच्चीवरची टाकी, तारा, त्यांच्यामागे निळं आभाळ, आणि मधे ती खुर्ची. खरं सांगते, बघून मला हायसं वाटलं. घर इतकं मोकळं मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच क्षणी स्वतःची एवढी लाज वाटली की उठून आत गेले आणि अप्पांचा श्वास चालू आहे ना, ते बघून आले.

पुन्हा काढायला वेळ नव्हता. तसाच पाठवला.

पाच मिनिटांत एजंटाचा फोन. “मॅडम, खुर्ची रिकामी ठेवलीत ते झकास केलंत. बघणाऱ्याला वाटतं, जाऊन बसावं. सोमवारी नऊला या.”

“येते,” मी म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर शुद्धीवर आले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सकाळी फोन करून जमणार नाही म्हणून सांगायचं, असं ठरवून टाकलं.

“दाखव बघू,” संध्याकाळी अप्पा म्हणाले.

“काही खास नाही आलाय.”

“दाखव म्हटलं ना.”

मी लॅपटॉप पलंगावर नेला. दुकानात प्रिंट तपासायचे तसं त्यांनी आधी कोपरे पाहिले, मग कडा, मग मध्य.

“मला काढून टाकलंस.”

“चुकून झालं, अप्पा. उद्या पुन्हा काढते.”

“डाग कुठे नाही,” ते स्क्रीनच्या जवळ जात म्हणाले. “मी ब्रशनं रिटचिंग करायचो. एवढं सफाईदार मला कधी जमलं नाही. पसंत पडला त्या एजंटाला?”

“हो. पण मी नाही म्हणणार आहे.”

“का?”

“का म्हणजे? तुम्हाला बाथरूमला कोण नेणार?”

अप्पांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “डॉक्टरांनी आणायला लावलं होतं ते पाकीट अजून आहे का?”

मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट. तेव्हा त्यांनी ते भिंतीवर भिरकावलं होतं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. मी ते कपाटाच्या वर टाकून ठेवलं होतं.

“आहे,” मी म्हणाले.

सोमवारी सकाळी आठला मी त्यांना त्यातलं एक घातलं. पाणी, मोबाइल हाताशी ठेवला. शेजारच्या काकू दुपारी येऊन जेवू घालणार होत्या. चिकटपट्टी दोनदा वाकडी लागली. अप्पांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

“उरक लवकर,” ते भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले. “पहिल्याच दिवशी उशीर बरा दिसत नाही.”