कलावतीसाठी रुंद चाकं

बाळाराम जाधव भिवंडीच्या नारपोलीतल्या एका कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा मिस्त्री. हाताला यश होतं आणि यशाचा थोडा माजही होता. पण त्याचा जीव लूमवर नव्हता, तो होता रेसिंग सायकलवर. खाली वळलेलं हँडल, अंगठ्याएवढे बारीक टायर, मडगार्ड नाही, घंटी नाही. गुळगुळीत रस्त्याच्या एखाद्या शहरात ती शोभली असती. भिवंडीत तिच्यावर बसणं म्हणजे दर आठवड्याला पंक्चर काढण्याचं व्रत घेणं. बाळाराम ते व्रत हौसेने पाळायचा.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्याने बायकोला, कलावतीला, ह्याच सायकलच्या दांडीवर बसवून धामणकर नाक्यावर आणलं होतं. तिला शहर दाखवायचं होतं. ती शहर बघायच्या आत शहरानेच तिला बघितलं. पुढचं बारीक चाक गटाराच्या जाळीत गेलं आणि नवी नवरी नव्या कोऱ्या पातळासकट भर चौकात पालथी पडली. रिक्षावाल्यांनी आणि भाजीवाल्यांनी फुकटात तमाशा पाहिला. त्या दिवसापासून कलावती त्याच्या सायकलवर बसली नव्हती.

ह्या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षं झाली होती. बाजार असो, दवाखाना असो, माहेर असो, कलावती शेअर रिक्षाने जायची आणि बाळाराम मागून सायकलने. लोक हसायचे, त्याचं त्याला काही नव्हतं. पण रिक्षात दाटीवाटीने बसलेल्या बायकोच्या मागे धूर खात पॅडल मारताना त्याला फार वाईट वाटायचं. आपल्या बायकोचा आपल्यावर भरवसा नाही, हे त्याला आतून सलायचं. एकदा तरी ती आपल्या मागे बसावी, एवढीच त्याची इच्छा होती.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात कलावतीच्या भावाने, दौलतने, पडघ्याला नवं घर बांधलं. कार्यक्रम शुक्रवारी ठेवला, म्हणजे लूमची सुट्टी. बाळारामने बायकोसमोर जाहीर केलं, "ह्या टायमाला तू माज्या मागं बसून जानार. कॅरियर लावतो, टायर जाड टाकतो. खड्ड्याचा बाप आला तरी चाक अडकनार न्हाय."

कलावती तांदूळ निवडत होती. "टाका," ती म्हणाली आणि निवडत राहिली. बाळारामने ते होकारात धरलं. नवरे धरतात.

दुसऱ्या दिवशी त्याने दूधवाले वापरतात तसले दोन दणकट टायर आणले आणि नाक्यावरच्या केसरीनाथच्या दुकानात सायकल उभी केली. केसरीनाथ म्हणाला, "आरं, आधी चाक बघाचा, मंग टायर. तुजी रिंग हाय बारीक. तिच्यावं ह्यो रेडा बसल का?"

"बसतो कसा न्हाय? लूमचा आख्खा बीम बसवतो मी."

टायर बसला. जरा जास्तच सहज बसला, तिथेच शहाण्या माणसाने ओळखावं. पण तेवढ्यात लाइट गेली.

भिवंडीत लाइट गेली की आधी कानांना कळतं. हजार लूमचा खडखडाट एका झटक्यात थांबतो आणि मग कारखान्यांतून माणसं बाहेर पडतात. हात रिकामे, तोंडं रिकामी. त्या दिवशी त्यांना बाळारामची सायकल सापडली. नारपोलीचा शकूरभाई विणकर सगळ्यात पुढे. "बालाराम, हवा भरो हवा! टायट करो!" बाळारामने पंप मारला. टायर फुगला, एका बाजूने रिंगवरून उठला, ट्यूबचा फुगा बाहेर डोकावला आणि असा आवाज झाला की पलीकडच्या हॉटेलातल्या माणसाच्या हातातला चहा अंगावर सांडला.

लाइट येईपर्यंत चर्चा चालली. कुणी म्हणालं, टायर तारेने बांध. कुणी म्हणालं, ट्यूबमध्ये चिंध्या भर, पंक्चरची कटकटच नको. शकूरभाईने तर हातगाडीची चाकं सुचवली. पुढचे चार-पाच दिवस असेच गेले. लाइट गेली की सभा भरायची, लाइट आली की मोडायची, आणि सायकल दुकानासमोर चाकांविना उलटी. मधल्या काळात बाळारामने जुन्या पद्धतीच्या सायकलची रुंद रिंग घालून बघितली. पण टायर चाक धरणाऱ्या चिमट्याला घासायला लागला, आणि त्या गोल कडांच्या रिंगवर ब्रेकचे रबर नीट टेकेनात. लूममध्ये कधी न हरलेला माणूस चाकाने रडकुंडीला आणला.

शेवटी केसरीनाथने सगळ्यांना हाकललं. "आयक," तो बाळारामला म्हणाला, "जाड टायरला रिंग रुंद पायजे, बराबर. पन तुज्या चिमट्यान जागा किती? म्हनून रिंग एक नंबर लहान घे, सव्वीसची, सपाट कडंची. चाक लहान, टायर जाड, उंची व्हती तेवडीच. ब्रेक तेवढे लांब हाताचे लावू. आनि तोंड बंद ठेव."

तसंच झालं. जुने हब, नव्या तारा, रुंद रिंग. केसरीनाथने चाक फिरवून त्याचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला. टायर चिमट्यातून बोटभर जागा सोडून फिरला, कुठे घासला नाही. खाली दूधवाला आणि वर रेसवाला, असं काहीतरी ध्यान तयार झालं होतं. बाळारामला ते इतकं देखणं वाटलं की तो दोन वेळा मागे सरून बघत राहिला.

शुक्रवारी सकाळी कलावती तयार होऊन बाहेर आली. बाळारामने टायर अंगठ्याने दाबून दाखवला, ब्रेक दाबून दाखवले, कॅरियरवर घोंगडीची घडी ठेवली. "बघ. आता गटाराच्या जाळीवरून ने, न्हायतर रेल्वेच्या रुळावरून. पडनार न्हाय."

"चाकं झ्याक हायत," कलावती म्हणाली. "पन मी कदी म्हनले, चाकामुळं बसत न्हाय म्हनून?"

"मंग?"

"त्या दिवशी मी पडले. गुडघा फुटला, पातळ फाटलं. मान वर केली तर तुमी सायकल उचलत व्हता. चाक फिरवून बघत व्हता, आऊट झालं का. मला त्या भाजीवालीनं उठवलं."

बाळारामला ते आठवत होतं. चाक आऊट झालं होतं, हे नीट आठवत होतं. भाजीवाली मात्र आठवत नव्हती. लूममधला धोटा उडून कुणाच्या कपाळाला लागला तरी जॉबर आधी लूमकडे धावतो, कारण मालक आधी लूमचं विचारतो. ती खोड तो कारखान्यातून घरी घेऊन आला होता आणि त्याला पत्ता नव्हता.

"येवढी वर्सं बोलली का न्हाय?"

"तुमी इचारलं कुटं? केसरीनाथला इचारलं, शकूरभायला इचारलं. लाइट गेली की आख्ख्या नारपोलीला इचारलं."

बाळारामने सायकल भिंतीला टेकवली. "चल, रिक्षानं जाऊ," तो म्हणाला. "दोगं संगं."

कलावतीने त्याच्याकडे बघितलं. मग पदर खोचला आणि म्हणाली, "येवढा उजेड पाडलाय तर आता चालवा."

ती मागे बसली. सायकल जड झाली, पण टायर दबले नाहीत. पहिला खड्डा आला तेव्हा बाळारामने ब्रेक मारला, एक पाय टेकवला आणि मान वळवून विचारलं, "लागलं का?"

"न्हाय."

दुसऱ्या खड्ड्याला पुन्हा, "लागलं का?"

नाक्यावर शकूरभाई ओरडला, "बालाराम, चक्का कैसा है?" बाळारामने ऐकलंच नाही. तो पुढच्या खड्ड्याला तेच विचारत होता आणि त्याच्या पुढच्यालाही. पडघा अजून लांब होतं, आणि खड्ड्यांना तर तोटाच नव्हता. शेवटी कलावतीने त्याच्या पाठीत एक रट्टा घातला, म्हणाली, "लागलं तर सांगन मी, आता गप चालवा," आणि पडू नये म्हणून त्याचा सदरा घट्ट धरला.