मदतीच्या डब्याची कैफियत

मित्रांनो, माझ्या झाकणाला मधोमध एक चीर आहे, ती मी जन्मतः घेऊन आलो नाही. ती मला छिन्नी-हातोडीने पाडली आहे. आता मी एक जुना, पोचे पडलेला पत्र्याचा डबा आहे आणि किराणा दुकानाच्या मागच्या फळीवर, उंदरांच्या पिंजऱ्याशेजारी पडून आहे. तोंड कडू झालं आहे माझं. तेव्हा गोड गोड गोष्ट ऐकायची असेल त्यांनी खुशाल उठून जावं.

मी जन्मलो बिस्किटांसाठी. कारखान्यात पत्रा कापला, वाकवला, वर निळा रंग चढवला, झाला डबा. बिस्किटं चार दिवसांत संपली आणि माझं नशीब उघडलं, कारण मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी राहिलो. त्यांनी मला बटणं ठेवायला घेतलं. शर्टाची पांढरी, कोटाची जाड, बाळाच्या झबल्याची इवलीशी, सगळी माझ्या पोटात. बाई मशीनवर बसल्या की टाचण्या ओठांत धरायच्या आणि तशाच बोलायच्या. "ताई, डबा दे गं!" हे त्यांच्या मुलीशिवाय कुणाला कळायचंसुद्धा नाही. मुलगी झाकण उघडून मला पुढे सरकवायची. बाई न बघता हात घालायच्या आणि नेमकं हवं ते बटण काढायच्या. "हा डबा म्हणजे माझा उजवा हात आहे," असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या. फुशारकी नाही मारत, खरंच म्हणायच्या.

घरात दोघीच. ताईचे वडील ती लहान असतानाच गेले होते. बाई शिवायच्या, ताई चपलांच्या दुकानात कामाला जायची. दोघींचं बरं चाललं होतं. आणि मग बाईंना छातीत गाठ लागली. तपासण्या झाल्या. कॅन्सर.

डॉक्टर भले होते. त्यांनी सांगितलं, "बरं होण्यासारखं आहे. पण औषधाचे सगळे डोस वेळेवर झाले पाहिजेत. मध्ये खंड पडला तर आधीचं सगळं पाण्यात." इस्पितळाची खिडकी मात्र भली नव्हती. पैसे आधी भरा, मग सुई टोचू. पहिल्या डोसात साठवलेलं गेलं, दुसऱ्यात बांगड्या गेल्या, तिसऱ्याला ताईने मालकाकडून उचल घेतली. चौथ्याला हात पुरते टेकले.

तेव्हा किराणा दुकानदार म्हणाला, "एखादा डबा आणून ठेव माझ्या काउंटरवर. लोक सुट्टे टाकतील. थेंबे थेंबे तळं साचतं." ताईने माझी बटणं एका पिशवीत ओतली. शेजारच्या सुताराने माझ्या झाकणाला चीर पाडली. दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. बाईंसाठी होतं ना! माझ्या पोटावर बाईंचा फोटो चिकटवला. फोटो एकच बरा होता, कुणाच्या तरी लग्नातला. खांद्यावरून पुढे आलेली जाडजूड वेणी, आणि बाई खळखळून हसताहेत. खाली लिहिलं, "आईच्या उपचारांसाठी मदत करा."

आणि लोकांनी मदत केली बरं का. खोटं कशाला बोलू? शाळेतल्या पोरांनी खाऊचे पैसे टाकले. पाव पोचवणारा रोज सकाळी न चुकता एक नाणं टाकायचा आणि वर बघायचासुद्धा नाही. दर शनिवारी ताई मला घरी न्यायची, रिकामा करायची आणि परत आणून ठेवायची. चौथा डोस माझ्या जिवावर झाला. मी फुगून टम्म झालो होतो.

अशाच एका शनिवारी घरी असताना मी ते पाहिलं. औषधाने बाईंचे केस गळणार हे ठरलेलंच होतं, म्हणून त्यांनी आधीच वेणी कापून कागदात गुंडाळून ठेवली होती. आता डोकं पार तुळतुळीत झालं होतं. गिऱ्हाइकं दारात आली की डोक्याकडे बघायची आणि कापड न देताच मागे फिरायची. आजारी बाईच्या हातचं कोण घालणार? बाईंनी अस्तराच्या उरलेल्या कापडाची टोपी बेतली. वेणी उलगडून तिच्या बटा पट्टीवर मशीनने शिवल्या आणि पट्ट्या टोपीवर जोडल्या. स्वतःचेच केस, स्वतःचीच शिलाई, खर्च शून्य. टोपी घालून त्यांनी पिना लावल्या, आरशात पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. "अगं, ही तर मीच!" म्हणाल्या. ताई रडायलाच लागली.

इथेच घात झाला.

आमच्या रस्त्यावर एक निवृत्त गृहस्थ होते. कुणाच्या घरी काय शिजतं, कोण कुठे निघालं, सगळं त्यांना हवं असायचं, म्हणून सगळे त्यांना चौकशीकाका म्हणायचे. ते एकदा काउंटरला टेकून म्हणाले, "काय हो, कॅन्सरमध्ये केस जातात ना? परवा मी बाईंना बसस्टॉपवर बघितलं. चांगली वेणी घालून उभ्या!"

"आपल्याला काय करायचंय, काका?" दुकानदार म्हणाला.

"वा! करायचंय कसं नाही? माझे पैसे आहेत त्यात. एक तर आजार खोटा, नाहीतर आमच्या पैशांवर विग घेतला. दोन्हीकडून आपणच गाढव."

काकांचे पैसे! ते एक नाणं होतं, इतकं झिजलेलं की दुकानदाराने घ्यायला नकार दिला, म्हणून ते माझ्यात पडलं होतं. पण लोकांना तेवढंच पुरलं. वाऱ्यासारखी बातमी पसरली. सुट्टे मुठीत घेऊन आलेले हात माझ्यापाशी थबकायचे आणि खिशात जायचे. पाववाला सोडला तर माझ्याकडे कुणी फिरकेना. पाचव्या डोसाची तारीख जवळ आली आणि माझ्या पोटात पाववाल्याच्या नाण्यांचाच काय तो खुळखुळाट होता.

त्या शनिवारी ताईबरोबर बाईही आल्या. ताईने मला उचललं, हलवलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली. नेमके चौकशीकाका साबण घ्यायला आलेले. मागे पाचसहा गिऱ्हाइकं.

"अरे वा, तब्येत सुधारलेली दिसतेय," काका म्हणाले. "केस तर झकास!"

कुणीतरी फिसकन हसलं. ताई उसळली, "काका, ते आईचेच केस आहेत, तिने स्वतः..."

"तू थांब," बाई म्हणाल्या.

त्यांनी एक पिन काढली आणि सवयीने ओठांत धरली. मग दुसरी. मग तिसरी. घाई नाही, गडबड नाही, जणू कुणाच्या झग्याची दुमड उसवताहेत. मग टोपी काढून माझ्या झाकणावर ठेवली. डोक्यावर केस नव्हते, फक्त निळ्या शिरा दिसत होत्या. पिना हातात घेऊन त्या म्हणाल्या, "बघा. सगळ्यांनी नीट बघा. हात लावून खात्री करायची असेल तर तेही करा."

काका पुटपुटले, "मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच म्हणायचं होतं," बाई म्हणाल्या.

आणि मग पैसे पडायला लागले. नुसत्या नोटा! चिरेवर टोपी होती, म्हणून एका बाईने ती मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांनी धरून बाजूला केली. चौकशीकाकांनी कोरी नोट घडी करून कोंबली. मी इतका कधीच भरलो नव्हतो. आणि मित्रांनो, मला ओकारी येत होती.

पाचवा डोस झाला. सहावाही झाला. बाई वाचल्या. चांगलंच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती टोपी त्यांनी परत घातली नाही, आणि दुकानावरून जाणंही सोडलं. वळसा घालून मागच्या रस्त्याने जातात म्हणे. उपचार संपल्यावर ताई बटणं परत माझ्यात ओतू लागली, तर बाई म्हणाल्या, "नको. देऊन टाक तो डबा कुणाला तरी. माझ्याच्यानं बघवत नाही."

मला! मी त्यांचा उजवा हात होतो!

ताईने मला दुकानदाराला दिलं. काल एक तरुण आला होता. त्याच्या वडिलांना तोच आजार आहे. दुकानदाराने मला फळीवरून काढलं, फुंकर मारली, बाईंचा फोटो नखाने खरवडला आणि म्हणाला, "ठेव हा डबा. पण फोटो केस नसलेला आण हं. नाहीतर लोक विश्वास ठेवत नाहीत."

"केस अजून गेले नाहीत त्यांचे," तो म्हणाला.

"मग भादरून घे ना आधीच."

त्याने मान डोलावली. उद्या तो फोटो घेऊन येणार आहे, तोवर मी परत फळीवर.

मित्रांनो, तुम्हीही उद्या सुट्टे घेऊन दुकानात याल. द्यायचे नसतील तर देऊ नका, कुणी तुमचा हात धरलेला नाही. पण दिलेत तर चिरेत टाका आणि गुपचूप घरी जा. त्या फोटोकडे टक लावून बघत बसू नका. त्यातल्या माणसाने तुमच्यासाठीच आपले चांगले केस काढून टाकलेले असतील.