बर्फातला डाक्टर आणि मक्याचे पोहे

या, असे उंबऱ्याशी कशाला बसता? पुढं सरका, सतरंजीवर जागा आहे. आज टाळ-मृदंग नाही, पण गोष्ट सांगतो. सिनेमाची आहे, तीही इंग्रजी, म्हणून नाक मुरडू नका. नारायण कोणाच्या तोंडून बोलेल, ते आपल्या हातात नसतं.

साल अडुसष्ट. गोळीबार चौकात शालिकराम आणि बाबनराव नावाचे दोन विणकर राहत. दोघं मारुतीच्या देवळातले टाळकरी. शनिवारी देवळात भजन आणि रविवारी सकाळी सदरच्या टॉकीजमध्ये इंग्रजी सिनेमा, हा त्यांचा नेम एकादशीसारखा पक्का. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं, पण अडत नव्हतं. पडद्यावरच्या माणसाचा चेहरा पाहून बाबनराव शेजारी बसल्या बसल्या अर्थ लावत जायचा, आणि तो चुकला की शालिकराम त्याला कोपर मारायचा.

त्या रविवारी एक जुना काळा-पांढरा सिनेमा लागला होता. एक डाक्टर औषधाची पेटी घेऊन बर्फाच्या डोंगरापलीकडच्या गावी निघतो. वाटेत थंडीनं कुडकुडणाऱ्या म्हातारीला अंगातला कोट काढून देतो. पुढं पूल तुटतो, डाक्टर दोराला लटकतो, आणि इंटर्वल. दिवे लागले तेव्हा बाबनराव खुर्चीतच दुमडला होता. कपाळावर घाम, हात पोटाशी. शालिकरामनं त्याला रिक्षात घातलं आणि थेट धंतोलीतला दवाखाना गाठला. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. मंगळवारी सकाळी ऑपरेशन ठरलं.

सोमवारी सकाळी शालिकराम दवाखान्यात गेला, तर बाबनरावची बायको रुख्माबाई दाराशीच उभी. डोळे सुजलेले.

“भाऊजी, तुमीच समजवा. टेबलावर जात नाई म्हणून राहिले. डाक्टरसाहेब म्हणतात, लांबवलं तं पिशवी आतल्या आत फुटन.”

शालिकराम खाटेशी बसला. “काहून गा बाबन? भेव वाटते?”

“मले कायचं भेव? पण तो लटकूनच हाये ना गा.”

“कोण?”

“कोण काय बे! आपला डाक्टर. त्याले तसाच दोराले टांगून आलो आपण.”

शालिकराम हसायला गेला, पण थांबला. त्याला देवाजीबुवा आठवले. त्यांच्या देवळात कीर्तनाला येणारे हे बुवा, आख्यानातला वीर रणात पडला, की त्याला उठवल्याशिवाय आरती करत नसत. एकदा वादळानं गॅसबत्ती विझली, निम्मे लोक उठले, तरी बुवांनी अंधारातच वीर शुद्धीवर आणला आणि मगच कापूर लावला. त्या दिवशी उठून गेलेल्या लोकांत बाबनरावचा बाप होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंथरुणातून उठलाच नाही. गाव म्हणालं, छातीत कळ आली. बाबनराव मात्र म्हणत राहिला, बाबा वीराला रणात पडलेला सोडून आले.

“पुरी गोष्ट सांग मले,” बाबनराव म्हणाला. “मंग मी टेबलावर जातो. आणि बनवून सांगू नको. मले समजते.”

शालिकराम बाहेर आला. टॉकीजवर त्या सिनेमाचा खेळ रविवारपुरताच होता. रिळांची पेटी कुठल्या कुठं गेली असणार. शेवट पाहिलेला माणूस शोधणं एवढंच हाती होतं. तो सायकल दामटत गांधीबागेत आला. तिथल्या चहाच्या टपरीवर दुपारी रविवारच्या सिनेमाची पंचायत भरायची. कापडाच्या ठोक दुकानात तागे उलगडणारा मधुसूदन तिचा पुढारी. रद्दीतून इंग्रजी सिनेमाची मासिकं मिळवून तो अडखळत वाचायचा आणि काहीबाही सांगायचा. नायक बुटका म्हणून त्याला पाटावर उभा करतात. काळ्या-पांढऱ्या सिनेमातलं रक्त म्हणजे चॉकलेटचा रस. सगळे त्याला ‘फेकू’ म्हणत.

शालिकराम पोचला तेव्हा मधुसूदन आणि टपरीवरचा दुसरा सिनेमावेडा रुपराव यांची जुंपलीच होती.

“जुन्या नट्यांसारखं रडता येते का आताच्यांले?” रुपराव टेबल थोपटत होता. “तवाची नटी नुसती हातमोजे काढे, आन् पब्लिक रडे!”

“ते राहू द्या,” शालिकराम धापा टाकत म्हणाला. “कालच्या सिनेमात डाक्टरचं काय झालं?”

“मेला,” रुपराव म्हणाला. “आन् बरं झालं. वाचला असता तं माये तिकिटाचे पैसे वसूल नसते झाले.”

“कसा?” टपरीवाल्यानं पुढं केलेला चहा हातात घेत शालिकरामनं विचारलं.

“पूल ओलांडते, औषध गावात पोचवते,” मधुसूदन सांगू लागला. “मंग चर्चच्या भिंतीले टेकून बसते. बर्फ पडत राह्यते, त्याच्या खांद्यावर, डोक्यावर. डोळे मिटते. खलास. पण एक सांगू का? तो बर्फ नोयताच.”

“झालं सुरू याचं!” रुपराव.

“अरे, मक्याचे पोहे असतात ते! पांढरा रंग देऊन वरून टोपल्यानं सोडतात.”

“तुया पोह्यानं माया दोस्त वाचते का बे?” शालिकराम एकदम ओरडला. मधुसूदनचा चेहरा उतरला. शालिकरामनं चहा तसाच ठेवला आणि सायकलला टाच मारली.

संध्याकाळी भेटीची वेळ झाली. जिन्यात रुख्माबाईनं त्याला अडवलं. “भाऊजी, काईही सांगा, पण गोड सांगा.”

खोटं बोलणार म्हणून शालिकरामनं वाटभर मारुतीची माफी मागून घेतली होती. खाटेशी बसून त्यानं सुरुवात केली. डाक्टर दोरावरून चढला, औषध पोचवलं, आणि थंडीनं मरणार तेवढ्यात त्यानं कोटाच्या खिशातून काड्यापेटी काढली, शेकोटी पेटवली...

“कोट?” बाबनरावनं डोळे उघडले. “कोट तं म्हातारीले देल्ला ना गा त्यानं.”

खाटेच्या पायथ्याशी रुख्माबाईनं पदर तोंडाशी धरला.

“मेला ना तो?” बाबनरावनं हळूच विचारलं. मग भिंतीकडे तोंड केलं आणि बायकोला म्हणाला, “वं, सामान भर. घरी जाऊ.”

शालिकरामला वाटलं, आपणच याला बर्फात ढकललं. आता बोलायचं तर खरंच बोलायचं. त्यानं बाबनरावचा हात धरला.

“होय गा. औषध पोचवलं, मंग भिंतीले टेकून बसला. बर्फ पडत राह्यला. डोळे मिटले. दि एंड.” तो थांबला. दुपारचं ओरडणं त्याच्या कानात अजून वाजत होतं, आणि त्याखालून मधुसूदनचं बोलणं वर आलं. “पण गोष्ट तिथं संपत नाई. तो बर्फ म्हणजे मक्याचे पोहे होते. पांढरा रंग देल्लेले. वरून माणसं टोपल्या उपडी करत होती. दिवा बंद झाला, सिनेमा काढणाऱ्या साहेबानं आवाज देल्ला, आन् आपला डाक्टर उठला. खांद्यावरचे पोहे झाडले, डोक्यावरचे झाडले, चहा प्यायला गेला. उठला गा तो, बाबन. उठल्याशिवाय पुढचा सिनेमा केला असता का त्यानं?”

बाबनरावचं पोट हललं.

“मक्याचे पोहे?” कळ दाबत तो हसू लागला. “आपल्या चिवड्यातले? आन् मी इथं थंडीनं कुडकुडून राहिलो!”

मंगळवारी स्ट्रेचर निघालं. दारातून आत जाताना बाबनरावनं चादरीखालून हात काढला आणि खांदा झाडला. एकदा, दोनदा. दार बंद झालं.

बाकावर बसलेल्या शालिकरामच्या मनात तेव्हा कुठं शंकेची पाल चुकचुकली. मधुसूदन खरंच फेकत असेल तर? मग आपण मित्राला खोट्यावर आत पाठवलं. जपाचे मणी बोटांतून सरकेनात. इतक्यात जिना चढून मधुसूदनच आला. दुकानातून सुटी काढून, बिनबोलावता.

“खरंच पोहे असतात ना गा?” शालिकरामनं नमस्कारही न करता विचारलं.

“पायाखाली कुरकुर वाजत,” मधुसूदन शेजारी टेकत म्हणाला. “म्हणून सिनेमातलं बोलणं मागून भरावं लागे. मारुतीची आण.”

शालिकरामनं कालच्या बोलण्याची माफी मागितली. मधुसूदननं नुसती मान हलवली, आणि दोघं त्या बंद दाराकडे पाहत राहिले. सावली बाकाखालून भिंतीवर गेली. दार उघडलं. मोठ्या डाक्टरांनी तोंडावरचं फडकं खाली केलं आणि रुख्माबाईकडे पाहून मान डोलावली.

शुद्ध येताच बाबनरावनं कोरड्या ओठांनी पहिलं काय विचारलं असेल? “शालिक, त्याले चहा साखरेचा भेटला का गा?”

बाबनराव पुढं कितीतरी शनिवार टाळ वाजवत राहिला. मधुसूदनला मात्र त्याच वर्षी थंडीत तापानं नेलं. त्याच्यामागं रडायला पोरबाळ नव्हतं. तेव्हा मंडळी, एवढं करा. मक्याचा चिवडा कधी हातात आला, तर पहिली चिमूट तोंडात टाकण्याआधी मधुसूदनची आठवण काढा.