चिमीच्या बोटांतली अक्षरं

“वहिनी, तसल्या कॉम्प्युटरला मागे एकच खाच असते. एका वेळी एकच वस्तू बसते तिच्यात. विचार तरी सरांना, बाजा जोडलाय कुठे?”

माझी धाकटी नणंद कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करते. ती हे म्हणाली तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मी मान वर न करता म्हटलं, “तुला लेकरू नाही ना, म्हणून तुला खाचा दिसतात.”

बोलले आणि जीभ चावली. पण शब्द मागे घेतला नाही. तिने विषय सोडला, आणि तेव्हा मला तेच हवं होतं.

दर रविवारी सकाळी आम्ही सरांकडे जायचो. जिना चपलांनी भरलेला, पायरीपायरीवर आया, आजोबा, कडेवरची पोरं. कुणाचा मुलगा पाच वर्षांचा होऊन ‘आई’ म्हणत नव्हता, कुणाची मुलगी हाक मारली तरी वळत नव्हती. माझी चिमी साडेतीन वर्षांची, आणि तिच्या तोंडून एक शब्द नाही. आम्हा सगळ्यांची भूक एकच होती: पोराच्या मनातलं एखादं वाक्य तरी कळू दे!

बाहेरच्या खोलीत सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, प्रत्येकीला जवळ बसवून घ्यायच्या. पाणी द्यायच्या, पोरांचे केस विंचरायच्या, विचारपूस करायच्या. आत टेबलावर इलेक्ट्रिक बाजा होता, पेटीसारख्या पट्ट्यांचा. शेजारी घरगुती कॉम्प्युटर, जुन्या टीव्हीला जोडलेला. टेबलावरून जमिनीपर्यंत लोंबणारं मखमली कापड. सर मुलाला मांडीवर घेत, त्याचं मनगट धरत, पायाने ठेका देत. बोट पट्टीवर पडलं की सूर निघे आणि त्याच क्षणी टीव्हीवर एक अक्षर उमटे.

“मूल मुकं नसतं, ताई,” सर सांगत. “त्याचा सूर अडलेला असतो. हे यंत्र नाभीतला नाद पकडतं आणि विद्युतलहरींनी बुद्धीपर्यंत पोचवतं.”

नाभीपासून बुद्धीपर्यंत कुठली वायर जाते, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मी पदवीधर, पण माझीही नव्हती. शाळेत मला पेटी शिकवली ती याच सरांनी. ज्या हातांनी माझी बोटं पट्ट्यांवर बसवली, ते हात खोटं कसं बोलतील?

पहिल्याच खेपेला चिमीच्या बोटांतून अक्षरं आली: आई नळ सोडून रडू नकोस.

रोज दुपारी बाथरूमची कडी लावून, नळ सोडून मी रडायचे. नवऱ्यालाही पत्ता नव्हता. दाराबाहेर उभ्या असणाऱ्या चिमीशिवाय हे कळणार कुणाला? त्यानंतर ती मशीन माझ्यासाठी देवासारखी झाली. तिसऱ्या रविवारी आलं: आई कानाला यंत्र नको भीती वाटते. दवाखान्यात कान तपासायची तारीख मिळाली होती. मी गेले नाही. त्याला सात महिने होऊन गेले.

मग दवाखान्याने पुन्हा बोलावलं, मंगळवारी. नणंद म्हणाली, “जायचं की नाही ते चिमीलाच विचारू. मी पण येते रविवारी.” मला वाटलं, आली एकदाची ताळ्यावर.

ती आली आणि हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभी राहिली. सरांनी ठेका धरला. आ. ई. मग थोडं थांबून मं.

“सर, अक्षर दर चौथ्या ठोक्यालाच येतं,” नणंद म्हणाली.

“लय आहे ती, बाई. सारं विश्व लयीत चालतं.”

“हो, पण आत्ता हिचं बोट तिसऱ्यालाच पडलं. सूर तेव्हाच वाजला. अक्षर मात्र चौथ्याची वाट बघत बसलं.”

“शंकेने लहरी दूषित होतात.”

“मग खिडकी उघडू का?”

दारातल्या गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. सरांची पकड सैल झाली तशी चिमी मांडीवरून घसरली आणि कापडाखाली शिरली. मी “चिमे!” म्हणून ओरडले. नणंदेने माझा दंड धरला आणि टीव्हीकडे बोट केलं.

बाजावर कुणाचंच बोट नव्हतं, आणि अक्षरं येतच होती. मंगळवारी दवाखाना नको.

कापडाखालून चिमी बाहेर आली ती बाजाची, कॉम्प्युटरला जोडायची वायर ओढत. वायरचं दुसरं टोक तिच्या मुठीत होतं, चकचकीत आणि कुठेच न खोचलेलं. खेळणं सापडल्यासारखं तिने ते माझ्यापुढे धरलं.

नणंदेने कापड वर केलं. “या, सगळे बघा. मागे ही एकच खाच, आणि तिच्यात ही डबी. या मशीनला मराठी येत नाही. मराठी अक्षरं असतात या डबीत. म्हणजे पडद्यावर मराठी आहे तोवर खाच भरलेली. बाजा लावायचा तर डबी काढावी लागेल, आणि डबी काढली की मराठी गेलं. वाक्य आधीच टाइप करून ठेवलंय, ठरावीक वेळाने एकेक अक्षर सुटतं. सर ठेक्याला पक्के. त्या क्षणाला पोराचं बोट दाबायचं, एवढंच त्यांचं काम.”

माझा विश्वास अजूनही सुटत नव्हता. “पण नळाचं? ते तर कुणालाच माहीत नव्हतं!”

“तू कुणाला सांगितलं होतंस?”

“कुणालाच नाही,” म्हणता म्हणता माझी नजर दाराकडे गेली. काकू उभ्या होत्या. आणि मला पहिला दिवस आठवला. आत जायच्या आधी त्या चिमीची वेणी घालत होत्या आणि मी भडाभडा बोलत होते, आईशी बोलावं तशी. आपल्या माणसाशी बोललेलं आपण ‘सांगितलं’ म्हणून धरतच नाही. मंगळवारचंही त्यांनाच बोलले होते, गेल्या रविवारी.

“काकू, तुम्ही?”

“अगं, तुला बरं वाटावं म्हणूनच ना?” त्या म्हणाल्या. आवाजात तीच माया होती. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

सर मला म्हणाले, “घरात विष घेऊन आलीस.” इतकंच. मग एक आजोबा नातवाला घेऊन पुढे सरकले. “तुमची वायर सुटली असेल, बाई. आमची नसेल सुटली,” म्हणाले, आणि सरांच्या समोर बसले.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. चिमीला फारच थोडं ऐकू येतं. बंद दाराआडचा नळ नाही, आणि रडणं तर नाहीच. कानाला यंत्र बसवलं तेव्हा ती घाबरली नाही; मान वाकडी करून बसून राहिली. “आधी आणायचं होतंत,” बाई म्हणाल्या. “या वयातला महिना न् महिना मोलाचा.” मी सात वाया घालवले. सरांनी फसवलं खरं, पण तारीख मी चुकवली.

म्हणून सांगते, चमत्कार दिसला की रडायच्या आधी वायर कुठे जाते ते बघा. आणि कुणी पोराचं मनगट धरून त्याच्या मनातलं सांगत असेल, तर त्याला खोलीबाहेर पाठवा, पोराला एखादी वस्तू दाखवा, वस्तू लपवून त्याला आत बोलवा आणि विचारा, पोराने काय पाहिलं? खरं असेल ते टिकेल.

त्या आजोबांच्या दारावर मी दोनदा जाऊन आले. दार उघडत नाहीत. नातू चार वर्षांचा आहे. तुमच्याही जिन्यात असं एखादं घर असेल, हाकेला न वळणारं एखादं मूल असेल. माझं दार ते उघडणार नाहीत, तुमचं कदाचित उघडतील. आजच जा, आणि त्याचे कान तपासलेत का, एवढं विचारून या.