रितेशच्या खोलीचा निळा

आनंदीबाईशी वाद घालून जिंकलेला माणूस दाभोळात अजून जन्माला यायचा होता. बारा वर्षं तिने मागच्या खोलीला ब्रश लावू दिला नव्हता. दर गणपतीआधी बाकीचं घर रंगायचं, ही खोली तेवढी निळीच राहायची. थोरला मुलगा सुजय मुंबईहून फोनवर समजावून थकला. त्याची बायको शमिका तर त्या फंदातच पडली नाही.

तो निळा होडीचा होता. धाकटा रितेश नारळी पौर्णिमेआधी होडी रंगवायचा आणि डब्यात उरलेला रंग आपल्या खोलीला फासायचा. दुकानातल्या निळ्यात आपल्या अंदाजाने थोडा हिरवा, थोडा काळा मिसळायचा. "आये, लांबनं होडी वळखू येते ना, तशी खोली पन येवूक हवी," म्हणायचा. बारा वर्षांपूर्वी तो त्याच होडीतून गेला तो आलाच नाही. होडीची फळीसुद्धा कुणाच्या हाती लागली नाही.

यंदा भटजींनी सांगितलं म्हणून रितेशच्या नावाने पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि खाडीकाठी त्याला अग्नी दिला. शमिकाला सातवा महिना होता, बाळाला खोली हवी होती. तिने शेडकार्ड सासूपुढे धरलं आणि म्हणाली, "आई, तुम्हीच निवडा."

आनंदीबाईला त्या दिवशी सगळ्याचाच वीट आला होता. चष्माही न लावता तिने एका पिवळ्यावर बोट ठेवलं. बोट उचलायच्या आतच तिला पस्तावा झाला. पण दिलेला शब्द फिरवणं तिला कधी जमलं नव्हतं.

धाकू पेंटरने भिंती पार आतपर्यंत खरवडल्या आणि पिवळ्याचे दोन हात मारले. खोली छान दिसत होती, हे आनंदीबाईलाही कबूल करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढायला गेलेली शमिका जागीच थांबली. परसदारापासून खोलीपर्यंत लादीवर ओली पावलं उमटली होती. अनवाणी, मोठी, उजवा अंगठा बाहेर फाकलेला. खोलीच्या उंबऱ्याशी दोन्ही पावलं जोडून उभी होती आणि तिथूनच मागे फिरली होती. परसदाराला आतून कडी होती. जिथे पाणी सुकलं तिथे पांढरं मीठ धरलं होतं.

"धाकू आला असेल," शमिका म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच पटला नाही.

आनंदीबाई खाली बसली. रितेशचा तो अंगठा होडीचा नांगर पडून मोडला होता, त्यावर हळद तिनेच बांधली होती. "माझा रितेश आलेला गो," ती म्हणाली. "खोली बघितलान नि दुसऱ्याच्या घरात शिरलो समजून मागं गेला."

त्याच दिवशी तिने धाकूला बसवून घेतलं. तो निळा परत हवा, आजच्या आज हवा. धाकू एकेकाळी रितेशबरोबर होड्या रंगवायचा, त्याला वाटलं सोपं आहे. फळकुटावर निळा लावून तो विचारायचा, "काकी, ह्यो?"

"नाय. काळा जास्ती झाला."

"मग ह्यो?"

"नाय रे."

संध्याकाळपर्यंत अकरा निळे झाले. एकेक सारखाच वाटायचा आणि एकही तो नव्हता. तेव्हा आनंदीबाईच्या ध्यानात आलं की तिला तो निळा आठवतच नाही. बारा वर्षं उठल्याबसल्या पाहिलेला रंग चार दिवसांत पुसला गेला होता. असली कसली मी आई, असं वाटून तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पुढच्या दोन सकाळी पावलं उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेलेली दिसली. दुसऱ्या सकाळी ती आधीपेक्षा फिकी होती. शमिकाने पालीला माहेरी जायची पिशवी भरली. आनंदीबाईला मात्र एकच धास्ती होती, की उद्या तो यायचाच नाही.

रंग विसरला तर विसरला, आई तर तीच आहे ना? पुढच्या दिवशी उजाडता उजाडता ती पाट घेऊन उंबऱ्यात बसली.

कडी हलली नाही. लादीवर एक ओलं पाऊल उमटलं, मग दुसरं. पावलांच्या वर कुणीच नव्हतं. ओल्या जाळ्याचा वास आला. पावलं तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि पाण्याचे थेंब टपटप पडू लागले.

"रित्या, ये बाबा," ती म्हणाली. "मीच हाय. आत ये."

पावलं हलली नाहीत. मग एक पाऊल अदबीने मागे सरलं, परक्या म्हातारीला वाट द्यावी तसं, आणि दोन्ही वळून परसदाराकडे निघून गेली.

आनंदीबाईचा हात आपोआप डोक्याकडे गेला. रितेश गेला तेव्हा या डोक्यावर एक पांढरा केस नव्हता. तोंडात सगळे दात होते.

आठाच्या सुमाराला धाकू नवं फळकूट घेऊन धावतच आला. "काकी, जमला. ह्यो नक्की तोच."

तो तोच होता. बघताक्षणी तिला कळलं. शमिकाही पिशवी खाली ठेवून बघत राहिली.

"मग लावूया?" धाकूने विचारलं.

"नको," आनंदीबाई म्हणाली. "पिवळाच ऱ्हावंदे. खोली वळखलान असतान रे त्यानं. मला वळखलान नाय."