तीन बोटांची ढिलाई

टिकारामनं गाडीचं दार इतक्या जोरात आपटलं की पलीकडच्या टपरीवरचे दोघे चहा विसरून बघायला लागले.

"डोमा, हे तिसरी खेप होय. जमत नसंल तं सांगून दे, मी भंडाऱ्याले नेतो."

डोमा मेकॅनिकनं नुसते हात पुसले. लाखनीत त्याच्याइतका जुन्या गाड्यांचा जाणकार दुसरा नव्हता, आणि याचाच टिकारामला जास्त संताप येत होता.

टिकारामची बासष्ट सालची फियाट चाळीस वर्षं त्याच्याच हातात होती. स्टेअरिंग इतकं ढिलं झालं होतं की तीन बोटांइतकं फिरवलं तरी चाकांना पत्ता लागत नसे. मागच्या महिन्यात अड्याळच्या वाटेवर गाडी धानाच्या बांधावर चढली आणि मुलानं, चंद्रकुमारनं, सरळ सुनावलं, की स्टेअरिंग दुरुस्त करा, नाहीतर किल्ली माझ्याकडे द्या. ज्या पोराला याच गाडीवर शिकवलं, त्यानं किल्ली मागावी! टिकारामला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

डोमानं झिजलेले सांधे बदलले, ढिलाई पार काढली. तेव्हापासून मात्र गाडीचं नाक रस्ताभर डावी-उजवीकडे थरथरायला लागलं. डोमा स्वतः हायवेवर चक्कर मारून आला आणि गाडी सुतासारखी सरळ चालते म्हणाला.

"नाचता येईना अंगण वाकडं, तसं झालं तुझं," टिकाराम म्हणाला.

डोमानं जॅक लावून पुढची चाकं उचलली, इंजिन बंदच ठेवलं, टिकारामला स्टेअरिंग घट्ट धरून बसायला सांगितलं आणि स्वतः गाडीखाली सरकला.

"काकाजी, हलवू नका."

"मी कुठी हलवून राहिलो बे?"

एक ट्रक गेला. त्याचा आवाज विरल्यावर टिकारामला गाडीखालची बारीक करकर ऐकू आली. त्यानं पकड आवळली, तशी ती वाढली. त्यानं हात उचलले. करकर थांबली. पुन्हा ठेवले, पुन्हा सुरू झाली. जुनी ढिलाई हातांचा कंप पोटात घालत होती; नवे सांधे काहीच पोटात घालत नव्हते.

त्याला डोमाचा राग आला, मग चंद्रकुमारचा, मग त्या गाडीचा. पुढे राग धरायला कोणी उरलं नाही. टपरीवरचे दोघे अजून बघतच होते. त्यानं हात मांडीखाली दाबून धरले.

"डोमा," तो खिडकीतून वाकून हळूच म्हणाला, "पयलेसारखं ढिलं करून दे. घरी मी सांगीन, डोमाले जमलं नाही म्हणून."

गाडीखालून पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.